बांगड्याला इंग्रजीत काय म्हणायचं? ‘मॅकरल’ हा शब्द कुठे आणि कसा वापरायचा

कोकणात होमस्टे चालवणारे, व्हॉट्सअ‍ॅपवर मासे विकणारे, मुलगी यूकेला शिकायला गेली म्हणून तिला व्हिडिओ कॉलवर तिथले मासे ओळखून देणारे आणि बोटीवरच्या नोकरीसाठी इंग्रजी घोकणारे, ह्या सगळ्यांना कधी ना कधी हा प्रश्न पडतोच की बांगड्याला इंग्रजीत काय म्हणतात. गुगलला विचारलं की लगेच उत्तर येतं, मॅकरेल. उत्तर चुकीचं नाहीये, पण अर्धवट आहे, आणि ह्या अर्धवटपणामुळे मेनूकार्डावर सुरमई आणि बांगडा एकाच नावाने छापले जातात, गरोदर बायका नेटवर काहीतरी वाचून घाबरतात आणि बांगडा सोडून देतात, परदेशात राहणारी आपली पोरं चुकीचा डबा घरी घेऊन येतात. आपल्या किनाऱ्यावर गरिबापासून श्रीमंतापर्यंत सगळ्यांच्या ताटात येणारा हा मासा आहे, त्याचं नाव तरी धड सांगता यायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी उच्चार. आपण मॅकरेल म्हणतो, शेवटी रेल्वेतला ‘रेल’. इंग्रजी बोलणारे सगळा जोर पहिल्या ‘मॅक’वर देतात आणि पुढचं जवळजवळ गिळतात, त्यामुळे ऐकायला येतं मॅक-रल. मी खाली मॅकरलच लिहिलंय. आपल्या उच्चाराने कोणाला कळणार नाही असं नाही, पण लंडनच्या फिश काउंटरवरचा माणूस भरभर ‘मॅकरल’ म्हणाला तर तो बांगड्याच्याच गोतावळ्याबद्दल बोलतोय हे आपल्याला कळायला पाहिजे ना. स्पेलिंग एम, ए, सी, के, ई, आर, ई, एल. शेवटी ए-एल लिहायची सवय खूप जणांना असते, आणि मधला ई तर कितीतरी बोर्डांवरून गायबच असतो.

आता अनेकवचन. आपल्याकडे एक बांगडा, दोन बांगडे, म्हणून इंग्रजीतही हात आपोआप शेवटी एस लावतो. मासे मोजताना तो लावायचा नाही. टू मॅकरल, टेन मॅकरल, अ शोल ऑफ मॅकरल. एस लावतात तो वेगवेगळ्या जातींबद्दल बोलताना, म्हणजे ‘द मॅकरल्स ऑफ द इंडियन ओशन’ असं कोणी लिहिलं तर त्याला हिंदी महासागरातल्या ह्या जातभाईंच्या सगळ्या जाती म्हणायच्यात. आणि जेवणाबद्दल बोलताना आधी ‘अ’ पण नको. ‘आय हॅड मॅकरल फॉर लंच’ म्हणजे दुपारी बांगडा खाल्ला. ‘अ मॅकरल’ म्हटलं की अख्खा एक मासा डोळ्यापुढे येतो. ग्रामर एवढंच.

आता खरी गोष्ट. मॅकरल हे एका माशाचं नाव नाही, ते आडनाव आहे. गावात नुसतं ‘सावंतांकडे जायचंय’ म्हटलं तर विचारतील ना, कुठल्या सावंतांकडे? तसंच इथे. मॅकरलच्या आधी कुठला शब्द लागलाय ते बघितल्याशिवाय मासा कुठला ते कळत नाही. आपला बांगडा म्हणजे इंडियन मॅकरल. त्याचं शास्त्रीय नाव रास्ट्रेलिगर कानागुर्ता, आणि हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे कारण त्यातलं कानागुर्ता हे तेलुगू कोळ्यांच्या तोंडचं नाव आहे, पॅट्रिक रसेल ह्या ब्रिटिश निसर्गअभ्यासकाने १८०३ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरच्या माशांवर लिहिताना ते नोंदवून घेतलं आणि १८१६ मध्ये क्युव्हिए ह्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने तेच शास्त्रीय नावात घातलं. आणि रास्ट्रेलिगर म्हणजे दंताळं बाळगणारा. ते का, हे बघायचं असेल तर पुढच्या वेळी ताजा बांगडा आणलात की साफ करायच्या आधी त्याचं तोंड उघडून आत बघा. कल्ल्यांना लागून लांब लांब बारीक काड्यांची रांग दिसते, ती एवढी लांब असते की नुसतं तोंड उघडलं तरी दिसते. त्यातून तो पाणी गाळतो आणि पाण्यातलं प्लवंग, म्हणजे प्लँक्टन, तेवढं खातो. हे प्लँक्टन पुढे परत येणार आहे म्हणून इथे सांगून ठेवते.

इंग्लंड-अमेरिकेत नुसतं मॅकरल म्हटलं की बहुतेक वेळा त्यांचा अटलांटिक मॅकरल असतो, स्कॉम्बर स्कॉम्ब्रस. दोन्ही एकाच कुळातले, स्कॉम्ब्रिडी, पण शेजारी ठेवले तर फरक लगेच कळतो. अटलांटिकवाल्याच्या निळ्या-हिरव्या पाठीवर काळ्या वेड्यावाकड्या रेघा आडव्या उतरलेल्या असतात आणि अंगाने तो सडपातळ. आपला बांगडा पोटाकडे चांगला रुंद, पाठीवरच्या रेघा डोक्याकडून शेपटीकडे सरळ जाणाऱ्या, ताजा असेल तर त्या सोनेरी झाक मारतात, आणि छातीच्या पराच्या खालच्या कडेजवळ अंगावर एक काळा ठिपका. तो ठिपका एकदा बघून ठेवलात की फ्रोझन पाकिटावर नाव काहीही असो, आतला बांगडा तुम्ही ओळखणार.

सुरमईचं काय? तर ती पण मॅकरल आडनावाचीच आहे. मोठी सुरमई म्हणजे इंग्रजीत नॅरो-बार्ड स्पॅनिश मॅकरल, भारतात इंग्रजी बोलणारे तिला सीअर फिश नाहीतर किंगफिश म्हणतात. सीअर हा पोर्तुगीज ‘सेरा’वरून आलाय, सेरा म्हणजे करवत. किंगफिश हा शब्द मात्र जपून वापरायचा, कारण अमेरिकेत किंगफिश म्हणजे किंग मॅकरल नावाची सुरमईची चुलतबहीण, आणि ऑस्ट्रेलियात किंगफिश म्हणजे पिवळ्या शेपटीचा भलताच वेगळा मासा. पाहुणा ऑस्ट्रेलियाचा असेल तर सीअर फिश म्हणा किंवा सरळ सुरमई म्हणा आणि तुकडा दाखवा.

आणि हॉर्स मॅकरल म्हणून जे मिळतं ते मॅकरलच्या कुळातलं नाहीच. आपल्याकडे काट बांगडा म्हणतात तो तसलाच, त्याला इंग्रजीत टॉरपीडो स्कॅड किंवा हार्डटेल म्हणतात, आणि कधी कधी हॉर्स मॅकरल पण लिहितात. तो हातात घेतला की कळतं, शेपटीकडे दोन्ही बाजूंना टणक खवल्यांची रांग असते, बोट उलटं फिरवलं तर चरचरीत लागते. बांगड्याची शेपटी गुळगुळीत. मराठीतही बांगडा आणि इंग्रजीतही मॅकरल, दोन्हीकडे नाव उसनं घेतलेला मासा आहे हा. विकणाऱ्याने बांगड्याच्या भावात तो दिला तर बोलायचं.

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप केला ती. गरोदरपणात कुठले मासे खाऊ नयेत असं इंग्रजीत शोधलं की ‘अव्हॉइड मॅकरल, हाय मर्क्युरी’ असं काहीतरी समोर येतं आणि घरात बांगडा बंद होतो. मूळ यादी एफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या अन्न आणि औषध खात्याची असते आणि त्यात लिहिलेलं असतं किंग मॅकरल. त्याच यादीत अटलांटिक मॅकरल आणि पॅसिफिक चब मॅकरल हे सगळ्यात चांगल्या माशांच्या गटात आहेत! स्पॅनिश मॅकरल मधल्या गटात, म्हणजे आठवड्यातून एखाद्या वेळी. एकाच आडनावाचे मासे तीन वेगवेगळ्या गटांत, आणि कॉपी-पेस्ट करणाऱ्याने पुढचा शब्द गाळला की संपलं. कारण समजायला सोपं आहे, पारा खालून वर साठत जातो, छोट्याला मोठा खातो, मोठ्याला त्याहून मोठा, आणि जो जास्त वर्षं जगतो आणि दुसरे मासे खातो त्याच्यात तो जास्त. बांगडा लहान, थोडकी वर्षं जगणारा, प्लँक्टन खाणारा. सुरमई शिकारी आणि चांगली मोठी होणारी. आपला बांगडा त्या अमेरिकन यादीत नावाने नाही, पण तो किंग मॅकरल नक्की नाही. त्याच यादीत टाळायच्या माशांत शार्क आहे, म्हणजे आपली मोरी, आणि आपल्याकडे बाळंतिणीला मोरी मुद्दाम देतात, त्यामुळे ते मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. विचारताना ‘मॅकरल चालेल का’ असं नाही विचारायचं, ‘बांगडा चालेल का, इंडियन मॅकरल’ असं विचारायचं, आणि सुरमईचं वेगळं विचारायचं.

ह्याच कुळाच्या नावावरून अजून एक शब्द आहे, स्कॉम्ब्रॉइड पॉयझनिंग. बांगडा, कुपा असले मासे बर्फाशिवाय राहिले की त्यांच्यातल्या हिस्टिडीन नावाच्या अमिनो आम्लाचं बॅक्टेरिया हिस्टामीन करतात, खाल्ल्यावर तोंड लालबुंद होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, आणि लोक समजतात माशाची अ‍ॅलर्जी आहे. शिजवून तळून ते हिस्टामीन जात नाही. ऑनलाइन मासे विकणाऱ्यांनी हा शब्द माहीत करून घ्यावा आणि बर्फात काटकसर करू नये.

मेनूकार्डाकडे येऊ. मालवण-तारकर्लीकडे हल्ली प्रत्येक घरात पाहुणे उतरतात आणि काकी मला विचारतात, ‘गो, पावण्यांका बांगडो म्हणजे काय ता कसा सांगू?’ माझं सांगणं एकच, बांगडा हे नाव आधी, ठळक अक्षरात, आणि इंग्रजी खाली बारीक. पाहुणा परत गेला की त्याच्या तोंडात बांगडा हे नाव राहायला पाहिजे, मॅकरल त्याला घरीही मिळतो. खाली लिहायचं ते असं लिहा: ‘बांगडा फ्राय. होल इंडियन मॅकरल, मॅरिनेटेड इन कोकम अँड रेड चिली, कोटेड विथ सेमोलिना, शॅलो-फ्राइड. सर्व्ड ऑन द बोन.’ हे शेवटचं ‘ऑन द बोन’ विसरू नका. ज्यांना काटे काढायची सवय नाही त्यांना आधीच कळतं की मासा अख्खा, काट्यांसकट येणार आहे, आणि मग ताटावर गडबड होत नाही. रव्याला सेमोलिना म्हणतात. तिखलं असेल तर ‘थिक, फायरी ग्रेव्ही’ म्हणा, नुसतं करी म्हटलंत तर लोक नारळाचा पातळ रस्सा समजतात. तिरफळाला इंग्रजीत शब्द शोधत बसू नका, तिरफळच लिहा आणि पुढे ‘अ रिलेटिव्ह ऑफ सिचुआन पेपर’ एवढं जोडा, दोन्ही एकाच वंशातली झाडं आहेत आणि जिभेला मुंग्या येतात ते पाहुण्याला लगेच कळतं. सुका बांगडा असेल तर ‘सॉल्टेड अँड सन-ड्राइड’, आणि वासाबद्दल पाहुण्याला तोंडी आधी सांगा.

रावसाला इंडियन सॅल्मन लिहितात ते पण असंच उसनं नाव आहे, सॅल्मनशी काही संबंध नाही, पण तो विषय वेगळा, आज बांगडाच.

परदेशात राहणाऱ्यांसाठी. यूकेत सुपरमार्केटमध्ये ‘स्मोक्ड मॅकरल’ म्हणून जे पाकीट मिळतं ते धुरावर तयार झालेलं असतं, ते तिखल्यात घालू नका, वाया जाईल. डब्यातला ‘मॅकरल इन टोमॅटो सॉस’ चपातीबरोबर ठीक. कालवणाला ‘फ्रेश होल मॅकरल’ मागा, आणि साफ करून हवा असेल तर ‘गटेड, हेड ऑन प्लीज’ म्हणा, नाहीतर डोकं फेकून देतात आणि आपल्याकडे डोक्यासाठी भांडणं होतात. अटलांटिक मॅकरलला तेल खूप असतं, त्यामुळे आंबट जरा वाढवायचं, दोन आमसुलं जास्त. अगदी आपलाच बांगडा हवा असेल तर भारतीय नाहीतर श्रीलंकन दुकानात फ्रोझन मिळतो, तिथे इंडियन मॅकरल म्हणा, केरळचा दुकानदार असेल तर ‘अयला’ म्हणा आणि कर्नाटक किनाऱ्याचा असेल तर ‘बंगुडे’.

धंद्यासाठी इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी तर नुसतं मॅकरल कधीच लिहू नये. युरोपात मासा विकायचा तर लेबलवर व्यापारी नावासोबत शास्त्रीय नावही लागतं. कस्टमच्या एचएस कोडमध्ये, म्हणजे मालाच्या वर्गवारीच्या आकड्यांतही, स्कॉम्बर मॅकरल आणि बांगडा वेगळे आहेत, गोठवलेल्या स्कॉम्बर मॅकरलचा कोड ०३०३.५४, आणि आपला रास्ट्रेलिगर सुरमईबरोबर ०३०३.५९ मध्ये येतो. कोटेशनमध्ये एक शब्द कमी लिहिला तर पुढे सगळी कागदपत्रं अडतात, म्हणून ‘इंडियन मॅकरल, रास्ट्रेलिगर कानागुर्ता, होल राउंड’ असं पूर्ण लिहायचं. होल राउंड म्हणजे न साफ केलेला अख्खा.

बोलण्यातले वाक्प्रचार

‘होली मॅकरल!’ म्हणजे ‘अरे देवा!’ किंवा ‘बाप रे!’ देवाचं नाव थेट घ्यायला नको म्हणून जे मऊ केलेले उद्गार असतात त्यातला हा एक. शिवी नाहीये, लहान मुलांसमोर चालतो, पण जुन्या वळणाचा आहे आणि ऑफिसच्या मेलमध्ये विचित्र दिसेल.

‘अ स्प्रॅट टू कॅच अ मॅकरल’ हा ब्रिटिश वाक्प्रचार मला सगळ्यात आवडतो, कारण तो कोळ्यांच्या धंद्यातूनच आलेला दिसतो. स्प्रॅट म्हणजे तारलीच्या जातीचा बारका मासा, तो गळाला लावून मॅकरल पकडायचा. आपलं आवळा देऊन कोहळा काढणं, तेच. दुकानात पहिल्या गिऱ्हाइकाला फुकट सोलकढी दिली आणि तो चार थाळ्या घेऊन गेला तर हे वाक्य बसतं.

‘डेड अ‍ॅज अ मॅकरल’ म्हणजे पार मेलेला, संपलेला. ह्यापेक्षा ‘डेड अ‍ॅज अ डोअरनेल’ खूप जास्त ऐकू येतं, तेच वापरा. पण मॅकरल आणि नासणं ह्यांचं नातं इंग्रजांच्याही डोक्यात पक्कं होतं हे खरं. १६९८ च्या एका कायद्याने त्यांनी रविवारी प्रार्थनेच्या आधी आणि नंतर मॅकरल विकायला परवानगी दिली होती, बाकी विक्री रविवारी बंद असताना, कारण सोमवारपर्यंत हा मासा टिकायचा नाही. बर्फाची गाडी वेळेवर आली नाही की आपल्या बंदरावर काय होतं ते ज्याने बघितलंय त्याला हा कायदा समजावून सांगावा लागणार नाही.

‘मॅकरल स्काय’ म्हणजे खवल्याखवल्यांचं आभाळ, ढगांचे छोटे छोटे तुकडे रांगेत पसरलेले असतात ते. हवामानाच्या भाषेत ते अल्टोक्युम्युलस किंवा सिरोक्युम्युलस ढग. त्यावर इंग्रजी म्हण आहे, ‘मॅकरल स्काय, मॅकरल स्काय, नेव्हर लाँग वेट, नेव्हर लाँग ड्राय’, म्हणजे हवा बदलणार, फार वेळ ओलं नाही आणि फार वेळ कोरडं नाही. वर्णन म्हणून हा शब्द बिनधास्त वापरा, देवबागच्या किनाऱ्यावरच्या फोटोखाली छान दिसतो. पण अंदाज म्हणून वापरू नका, ती म्हण इंग्लंडच्या हवेसाठी आहे, आपला पाऊस मान्सूनचा. होडी काढायची की नाही ते हवामान खात्याचा इशारा बघूनच ठरवायचं.

‘मॅकरल टॅबी’ म्हणजे अंगावर बारीक उभे पट्टे असलेलं मांजर, आपल्या मासळी बाजारात जी फिरतात त्यातली कितीतरी ह्याच नक्षीची असतात. ‘मॅकरल शार्क’ हा शार्कचा गट आहे, ग्रेट व्हाइट आणि माको त्यातलेच, तिथे मॅकरल हा शब्द बांगड्यासाठी नाही. आणि ‘मॅक’ असा छोटा शब्द अमेरिकेच्या तुरुंगांबद्दलच्या बातमीत आला तर तोही मासाच, २००४ मध्ये तिथल्या केंद्रीय तुरुंगांत सिगारेट बंद झाल्यावर कैदी मॅकरलची पाकिटं चलनासारखी वापरायला लागले, एक पाकीट साधारण एक डॉलर. बाहेर रस्त्यावरच्या इंग्रजीत मात्र मॅक म्हणजे दलाल, बायकांचा धंदा चालवणारा, त्यामुळे ह्या छोट्या शब्दापासून लांब राहिलेलं बरं. जुन्या फ्रेंचमध्ये मासा आणि दलाल दोघांनाही एकच शब्द होता आणि आजच्या फ्रेंचमधल्या ‘माकरो’लाही दोन्ही अर्थ आहेत, पण पाँडिचेरीत फ्रेंच मेनूकार्डावर हा शब्द दिसला तर निर्धास्त ऑर्डर द्या, तिथे मासाच येणार. जपानी हॉटेलात मॅकरल ‘साबा’ नावाने असतो, त्यातला ‘साबा शिओयाकी’ म्हणजे नुसतं मीठ लावून भाजलेला, सोबत भात मागवा आणि लिंबू जास्तीचं सांगा.